विल्फचा वाफा

ही हकिगत डगीची. अंधार पडला की क्लबामागच्या, सिगरेट ओढणाऱ्यांसाठी बांधलेल्या छपराखाली तो पोरांना गाठून ती सांगतो. खरीच असावी; थाप रचायला अक्कल लागते, ती डगीकडे कधीच नव्हती.

त्याचा दोस्त नॉर्मन टुलिप. इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या बायकर भागातला पेन्शनर, आणि स्वतःला राजा समजणारा. कशाचा? लीकचा. लीक म्हणजे दंडाएवढी जाड कांद्याची पात. इथले म्हातारे नातवंडांची नावं विसरतील, पण लीकला बिअर पाजायला विसरणार नाहीत. सप्टेंबरच्या प्रदर्शनात दरवर्षी कप नॉर्मनला, आणि विल्फ हेडली दुसरा. उन्हाळ्यात विल्फ मेला. त्याचा वाफा नातीनं, केरानं, सांभाळला. लीक असे पोसले की नॉर्मनची झोप उडाली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यानं तिला कुंपणावरून डिवचलं, "काय गं, उद्या लीक आणणार, की नुसते फोटो काढणार?"

"दोन्ही. तुम्ही टेबलावर पोट मांडा, नॉर्मन. तेवढंच जाड आहे तुमचं."

शेजारी उभा डगी फिदीफिदी हसला. तेच झोंबलं.

शुक्रवार, बारा सप्टेंबरची रात्र. दीड वाजलेला. बायको घोरत होती. नॉर्मन भाजीची सुरी खिशात टाकून निघाला. लीक कापायचे नव्हते. प्रत्येकाला नुसती एक चीर. चिरलेला लीक स्पर्धेतून बाद. ही यांची मर्दुमकी. ज्या दोस्ताच्या शवपेटीला खांदा दिला, त्याच्याच नातीच्या लीकवर रात्री सुरी.

कुंपण ओलांडताना धाप लागली. पहिल्या लीकपाशी तो गुडघ्यांवर बसला. पांढरा बुंधा उघडा करायला डावा हात मातीत घातला.

आत बोटं होती.

थंड नव्हती. कोमट होती.

त्यानं हात ओढला. सुटेना.

"कोण... कोण आहे?"

मनगटाभोवतीची माती हलली. दाबली गेली. रोप लावल्यावर दाबतात तशी. एकदा. पुन्हा. अगदी मायेनं.

"विल्फ... अरे, गंमत करत होतो रे..."

माती कोपराशी आली.

"विल्फ, ही बघ... सुरी टाकली... टाकली ना..."

हात सुटला.

दुसऱ्या दिवशी कप केराला. नॉर्मन दुसरा. टाळ्याही वाजवल्या म्हणे त्यानं, एका हातानं वाजतात तेवढ्या. डावा हात कोटाच्या खिशात होता. तो अजून तिथंच असतो. बिअर पिताना, पत्ते खेळताना, बायकोशी भांडतानासुद्धा.

गेल्या आठवड्यात डगीनं चिडून तो हात ओढून बाहेर काढला. साबण, ब्रश, रॉकेल, सगळं नॉर्मनचं करून झालं होतं. तरी नखांखाली काळी, ओली माती. आणि करंगळीच्या नखातून बाहेर आलेलं एक पांढरं, केसासारखं मूळ.

डगीनं ते चिमटीत धरून तोडलं.

"सकाळी," डगी म्हणतो, "त्याच नखात दोन होती."