मिशी उगवेपर्यंत

सशाला दाढी करायला घेऊन जायचं म्हणजे डोकं ठिकाणावर नसल्याचीच खूण. ती सलूनच्या दारापर्यंत दोनदा गेली आणि दोनदा जिन्याकडे वळली. तिसऱ्यांदा टोपलीतल्या सशाने असा काही पाय आपटला, की तिने डोळे मिटून दार ढकललं.

खरं तर ह्या दाराकडे ढुंकूनही बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. सलून तिच्याच इमारतीच्या खाली, जिन्याला लागून. ती पुढच्या चौकात चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, त्यामुळे येता-जाता काचेआडचा सलूनवाला दिसायचाच. एकदा रस्त्यापलीकडून नजरानजर झाली आणि ती हसली. छान, मनापासून हसली. तो ढिम्म. खांबाकडे बघावं तसं बघितलं आणि कात्री पुसायला लागला. तेव्हापासून तिच्या लेखी तो 'आखडू' होता. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

आखडू पेपर नाकाला लावून वाचत बसला होता. तिला बघून उठला.

"दाढी करायची आहे," ती म्हणाली.

"कोणाची?"

तिने टॉवेल बाजूला केला. "हवालदारांची."

हवालदार म्हणजे राखाडी अंगाचा, नाकाखाली काळ्या मिशीचा ठिपका असलेला म्हातारा ससा. नाव आईने ठेवलेलं. घरी कोणी उशिरा आलं की हा पाय आपटून जाब विचारायचा, म्हणून हवालदार. आई गेल्यापासून घरात ती, बाबा आणि हा. बापलेकीचं भांडण नव्हतं काही, पण आईशिवाय एकमेकांशी काय बोलायचं हे दोघांनाही कळेना. मग दोघं हवालदारामार्फत बोलायला लागली. "हवालदार, बाबांना सांगा, चहा झालाय." "हवालदार, हिला म्हणावं, छत्री घेऊन जा." असं घर चाललं होतं. आणि मग हवालदाराने खाणं सोडलं.

सशाचे दात जन्मभर वाढतात, गवत चावून चावून झिजतात. ह्याच्या दाढांना टोकं आली होती आणि ती गालात रुतत होती. डॉक्टरबाईंनी भूल देऊन टोकं घासून काढली. आता तोंड दुखरं, लाळ गळून हनुवटीखालच्या केसांचा गठ्ठा झालेला, आणि आतली कातडी लाल. ते केस कापा म्हणाल्या. तिला कात्री लावायचा धीर होईना. बाबांनी तर कात्री बघूनच खिडकीकडे तोंड केलं.

हे सगळं तिने एका दमात सांगितलं. सलूनवाला हसला नाही. त्याने धुतलेलं कापड काढलं, गिऱ्हाइकाच्या गळ्याशी खोचतो तसं हवालदाराभोवती गुंडाळलं, दोन बोटांवर हनुवटी तोलली आणि गप्पा सुरू केल्या. काय साहेब, बदली कुठून झाली, उकाडा फार आहे नाही... बोलता बोलता कंगवा, बारीक कात्री, ओला कापूस. हवालदाराचे डोळे अर्धे मिटले. आखडू काही आखडू वाटेना, हे तिला कबूल करावं लागलं.

सगळं झालं. त्याने मान तिरकी करून गिऱ्हाइकाकडे एकदा बघितलं, आणि... चक्.

"काय केलंत?"

"उजवीकडची जरा लांब..." तो बोलता बोलता थांबला आणि हातातल्या कात्रीकडे बघत राहिला. "सवयीने गेला हो हात."

हवालदाराच्या उजव्या मिशा टॉवेलवर पडल्या होत्या.

ती रागावली नाही, तिला रडूच आलं. सशाला नाकासमोरचं दिसत नाही, तिने सांगितलं, त्याचे डोळे दोन बाजूंना. तोंडापुढे काय आहे ते मिशाच चाचपून सांगतात. आधीच तो खात नाही, आता गवत समोर ठेवलं तरी त्याला सापडायचं कसं? सलूनवाल्याचा चेहरा एवढासा झाला.

"मिशी उगवेपर्यंत मी रोज संध्याकाळी येतो," तो म्हणाला. "मी भरवतो. हलणारं गिऱ्हाईक धरणं, तेवढंच मला येतं."

तिने नको म्हणायला तोंड उघडलं, आणि "या" म्हणून गेली.

तो आला. रोज आला. हात साबणाने धुऊन, बाह्या दुमडून स्वयंपाकघरात जमिनीवर बसायचा आणि हवालदाराला कापडात गुंडाळून मांडीवर घ्यायचा. ती गवताच्या भुकटीचा लगदा कालवून बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायची आणि तोंडाच्या कडेने थोडा थोडा सोडायची. तो सिरिंजवरचे आकडे डोळ्यांजवळ धरून वाचायचा, मग हनुवटी धरायचा, ती भरवायची. चार हात एवढ्याशा जागेत, एकमेकांना लागायचेच. सुरुवातीला दोघं "सॉरी" म्हणायची. पुढे म्हणायची बंद झाली.

घरातली बोलायची रीत त्याने लगेच उचलली.

"हवालदार, ह्यांना विचारा," तो एकदा म्हणाला, "दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून कंटाळा नाही येत?"

"हवालदार, त्यांना सांगा, आम्ही फक्त नंबर बघतो."

"आणि नंबर सोडून दुसरं काही दिसलंच... तर?"

तिने धुतलेली सिरिंज पुन्हा धुतली. बाहेर बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला होता, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

डॉक्टरबाईंनी मात्र बजावून ठेवलं होतं. गवत खायला लागला की लगदा बंद करायचा, म्हणजे बंद. आयता घास मिळाला की ससाही आळशी होतो. चावणार नाही, मग दाढा पुन्हा वाढणार, पुन्हा भूल द्यावी लागणार, आणि ह्या वयात तो भुलीतून उठेलच ह्याची हमी मी देणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या.

आणि एका सकाळी हवालदार गवत खाताना दिसला. एक काडी, मग दुसरी. कुरकुर आवाज होत होता आणि जबडा गोल गोल फिरत होता. टोपलीत चांगल्या टपोऱ्या लेंड्या पडल्या होत्या. लेंड्या बघून आनंदाने रडणारी ती एकटीच असेल, पण रडली खरी. दिवसभर दुकानात तिला कधी एकदा संध्याकाळ होते आणि त्याला सांगते असं झालं.

संध्याकाळी तो आला, बाह्या दुमडल्या, हवालदाराला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "खाल्लं का आज काही?"

"नाही," ती म्हणाली.

कसं गेलं तोंडून, तिचं तिलाच कळलं नाही. म्हणजे, कळलं. हवालदार खायला लागला की ह्या माणसाला जिना चढायचं कारणच उरणार नव्हतं. ती आजवर कोणाला "थांब" म्हणाली नव्हती. लहानपणी नाही, मोठेपणी नाही. मागता आलं नाही म्हणून तिने खोटं बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं, आणि तिसऱ्या दिवशी तर "नाही" म्हणायला जीभ अडखळलीसुद्धा नाही.

हवालदार दोन्हीकडून जेवून गरगरीत झाला. आणि मग एक दिवस सकाळचं गवत तसंच पडून राहिलं. त्याने नुसतं हुंगलं, पाठ फिरवली आणि सिरिंज ठेवतात त्या कपाटासमोर जाऊन बसला. पाय आपटला. लगदा आणा.

बाबा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"हवालदार," ते हळू म्हणाले, "हिला विचारा, आईने तुम्हाला हिच्याच भरवशावर ठेवलं होतं ना?"

त्यांना सगळं माहीत होतं. बिचारे इतके दिवस बोलले नव्हते, एवढंच. ती दुकानात गेली, पण त्या दिवशी समोरच्याला कोणती काच लावली हे तिला दोनदा विसरायला झालं.

संध्याकाळी तो आला तेव्हा ती दारातच उभी होती. मांडून ठेवलेलं कापड नाही, कालवलेला लगदा नाही.

"हवालदार..." तिने सुरुवात केली, आणि थांबली. हे सशाच्या तोंडी घालून चालणार नव्हतं. तिने त्याच्याकडे बघितलं. "उद्यापासून येऊ नका. तो खातो. बरेच दिवस झाले. मी लपवलं... तुम्ही यावं म्हणून. आणि आता त्याला गवत नको झालंय. माझ्यामुळे."

मग त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि तळहात पुढे केला. त्यावर गवताची एक काडी होती, एका टोकाला चावलेली.

"तो खायला लागला त्याच दिवशी मिशीत अडकलेली सापडली," तो म्हणाला. "माझा हात जबड्याखाली असतो. चावणारा जबडा मला कळत नाही होय? मी काडी काढून खिशात टाकली आणि तुम्हाला विचारलं, खाल्लं का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा इतकं बरं वाटलं... मलाच लाज वाटली."

दोघंही चोर. हसावं तर हवालदार कपाटासमोर पाय आपटत होता.

त्यांनी लगदा दिला नाही. जमिनीवर बसून गवताची पेंडी सोडली, लांब हिरव्या काड्या वेगळ्या काढल्या. हवालदाराने हुंगून तोंड फिरवलं. पुन्हा पुढे ठेवलं, पुन्हा तेच. तिला धीर धरवेना. माझ्या हौसेपायी ह्याचा जीव गेला तर, ती म्हणाली, मी आईला काय सांगू? त्यावर त्याने उगीच काही होणार नाही वगैरे म्हटलं नाही. नुसता शेजारी बसून राहिला. तेवढ्याने तिला बरं वाटलं.

गप्प बसवेना म्हणून तिने त्याला आखडूची गोष्ट सांगितली. रस्त्यापलीकडून ती हसली होती ते.

"कधी?" तो दचकला.

"काचेतून बघत होतात की माझ्याकडे."

"अहो, रस्त्यापलीकडे माणूस आहे की खांब, एवढंच कळतं मला. जवळचं दिसतं, त्यावर धंदा चालतो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. नाकाला लावलेला पेपर, डोळ्यांजवळ धरून वाचलेले सिरिंजवरचे आकडे, सगळं तिच्यासमोर घडलं होतं. गावाचे डोळे तपासणारी ही बाई! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"म्हणजे तू..." ती म्हणाली, आणि तू म्हटल्याचं दोघांच्याही लक्षात आलं.

"मिशी उगवली त्याची," तो म्हणाला. "मी रोज बघतोय. आता मी कुठल्या कारणाने येऊ?"

"कारण नको," ती म्हणाली. "तू ये. मला तू आवडतोस, म्हणून ये."

त्याने तिचा हात हातात घेतला. हात ओला होता. दोघांपैकी कोणाचा, ते सांगता यायचं नाही. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. कुर्र. मग परत, कुर्र कुर्र. हवालदाराने उजवीकडच्या आखूड, नव्या मिशा गवतावर टेकवल्या होत्या आणि मोठ्या नाइलाजाने एक काडी तोंडात ओढत होता.

ती दोघं श्वास रोखून ऐकत राहिली. दारात बाबा येऊन उभे होते. त्यांनी हवालदाराकडे बघितलं, मग मुलीकडे.

"चहा टाकतो," ते म्हणाले. "ह्यांना साखर किती लागते गं?"

हवालदाराला मध्ये न घेता विचारलं त्यांनी.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी दाढा बघून मान डोलावली, मात्र वजनावरून दोघांना झापलं. सलूनवाल्याचे डोळे तपासून त्याला चष्माही तिनेच बसवून दिला, काड्या कानामागे नीट वाकवून, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ घेऊन. दुसऱ्या दिवशी ती कामाला निघाली, तेव्हा मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि उभी राहिली. काचेआड तो एका गिऱ्हाइकाच्या मिशीवर वाकलेला होता. त्याने मान वर केली, कात्रीसकट बाहेर पायरीवर आला. आतून गिऱ्हाईक ओरडलं, अहो, एकच बाजू झालीये.

"उगवते," त्याने मागे न बघता सांगितलं.

आणि ह्या खेपेला आधी तो हसला.