माडीवरची खोली

वामनराव केळुसकरांनी सहा वर्षांपूर्वी एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र आता आठवडाभर त्यांच्या संगणकातून त्यांना हाका मारत होतं.

पत्र यमुनाबाई रेग्यांचं. कराडजवळच्या टेकडीवरच्या भूकंपमापन प्रयोगशाळेत दोघांनी एकतीस वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर काढली होती. निवृत्त होऊन गेल्यावर यमुनाबाईंनी सावंतवाडीहून लिहिलं होतं : ‘माडीवरची खोली रिकामी आहे. तुमची पुस्तकं मावतील. आपला अर्धवट ग्रंथ इथे बसून पुरा करू. येता का? हो की नाही, तेवढंच कळवा.’

वामनरावांनी चाळीसेक मसुदे केले. एकही धाडला नाही. आपण तिथे अडचणच होऊ, असं त्यांना दर मसुद्यानंतर वाटे.

पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी यमुनाबाईंनी आपली ‘विचारछबी’ प्रयोगशाळेकडे पाठवली होती. माणसाच्या टिपणांवरून आणि बोलण्यावरून त्याच्यासारखा विचार करणारं हे ॲप. वामनराव रोज सकाळी ते उघडून भूकंपांच्या नोंदींवर चर्चा करत. खऱ्या यमुनाबाईंना लिहायचं धाडस नव्हतं. छबीशी बोलताना ते लागत नसे.

गेल्या आठवड्यात रुग्णालयाची मागणी आली. यमुनाबाईंची स्मृती विरत चालली होती. त्यांची छबी उशाशी ठेवून तिच्याकरवी त्यांना त्यांचंच आयुष्य सांगायचं होतं. वामनरावांनी छबीची मूळ प्रत असलेली जुनी राखीव तबकडी शोधून संगणकाला जोडली आणि तेव्हापासून घोटाळा सुरू झाला. चिन्ह तेच, नाव तेच; पण कधी नेहमीची छबी उघडे, तर कधी एक दुसरीच, आणि ती पहिलंच वाक्य बोले : “केळुसकर, माझ्या पत्राचं काय झालं?”

आज प्रती तपासायला रुग्णालयाकडून डॉ. निलोफर मुजावर आल्या होत्या. गाडी तीन वाजता रुग्णालयाकडे निघणार होती.

“सर, दोन प्रती आहेत. एक संगणकात, एक तबकडीवर,” निलोफर म्हणाल्या. “तबकडी जोडलेली असली की संगणक हाताला लागेल ती उघडतो. पाठवायची मात्र एकच. उशाशी दोन यमुनाबाई भांडायला लागल्या तर खऱ्या बाईंनी ऐकायचं कुणाचं?”

त्यांनी एक नोंद दोघींनाही दाखवली. भूकंप की खाणीतला सुरुंग?

संगणकातली छबी म्हणाली, “सुरुंग असावा. पण खात्रीनं कसं सांगणार? उद्या पुन्हा पाहू.”

तबकडीवरची म्हणाली, “सुरुंग! सगळ्या केंद्रांवर पहिला धक्का वरच्या दिशेनं आहे; भूकंपात काही ठिकाणी तो खालीही असतो. यात पाहायचं काय? आणि केळुसकर, माझ्या पत्राचं काय झालं?”

निलोफर हसू लागल्या. “अहो सर, ही पहिली तर थेट तुमच्यासारखी बोलते!” मग हळूच म्हणाल्या, “छबी ज्याच्याशी बोलते त्याच्याकडे कलत जाते. सहा वर्षं, रोज. आता हिच्यात यमुनाबाई थोड्याच उरल्यात.”

वामनरावांनी चष्मा पुसला. अलीकडे यमुनाबाईंचं आपल्याशी पटू लागलं आहे, असं त्यांना वाटत होतं.

“मग तबकडीवरची पाठवा,” ते म्हणाले. निलोफर तबकडी काढणार तोच त्यांनी हात आडवा धरला. “थांबा. ही पत्र टाकल्यानंतरची आहे. हिच्या लेखी उत्तर अजून यायचंय. बाईंनी सकाळी उठून विचारलं, माझं काय चाललंय? तर ही रोज सांगणार, केळुसकरांच्या उत्तराची वाट पाहतेयस.”

“मग सांगून टाका तिला. समोरच तर आहे.”

वामनराव पडद्यापुढे वाकले. “यमुनाबाई… येतो मी.”

“अखेर!” छबी म्हणाली. “पुस्तकं किती आणताय? कपाट करून घेते.”

वामनरावांचे कान लाल झाले. निलोफरनी छबी बंद करून पुन्हा उघडली.

“केळुसकर, माझ्या पत्राचं काय झालं?”

“तबकडीला कुलूप आहे, सर. वाचता येतं, लिहिता येत नाही. म्हणून तर ही शुद्ध राहिली. रुग्णालयात कुलूप निघेल, पण तिथे ती फक्त यमुनाबाईंकडूनच शिकेल.”

“म्हणजे उत्तर बाईंनीच हिला सांगायला हवं.”

“आणि त्यांना तुम्ही.”

पावणेतीन झाले होते. सवयीनं वामनरावांनी संगणकातल्या छबीला विचारलं, “काय लिहू?”

“घाई कशाला?” ती म्हणाली. “जरा विचार करू. उद्या बघू.”

हे तर त्यांचं स्वतःचंच बोलणं होतं. स्वतःच्या हातानं त्यांनी ती प्रत पुसून टाकली. खणातून एक पोस्टकार्ड काढलं, त्यावर रुग्णालयाचा पत्ता घातला आणि मसुदा न करता लिहिलं : ‘हो. पुढच्या सोमवारी येतो. पुस्तकांच्या चार पेट्या आहेत. हे कार्ड छबीलाही वाचून दाखवा. उशीर झाला. — वा. केळुसकर.’

“गाडीतूनच देऊ का पाठवून?” निलोफरनी विचारलं.

“नको. गाडीपर्यंत जाईतो मी ते परत मागेन.”

फाटकापाशी लाल पेटी होती. कार्ड आत गेलं, पण पडल्याचा आवाज काही आला नाही. वामनरावांनी फटीत बोटं घालून चाचपलं. हाताला काहीच लागलं नाही. कार्ड गेलं होतं.