चार वाजताचा हुंकार

बाईंच्या खोलीला दोन दारं होती. एक येणाऱ्याचं, एक जाणाऱ्याचं, म्हणजे एका रुग्णाला दुसऱ्याचं तोंड दिसायला नको. मधे लांबट कोच, त्याच्या उशीवर माणसागणिक बदलायचा पांढरा कागद, आणि उशाशी, पडलेल्याला दिसणार नाही अशी बाईंची खुर्ची. खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली. मधे वहीसुद्धा सरकली नसती.

मनोविश्लेषण म्हणतात त्याला. लोकांना वाटतं काय मोठी जादू असेल. नियम साधाच: रुग्णाने पडून राहायचं आणि मनात येईल ते, निवड न करता, लाज न बाळगता बोलायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा बाहेर दोष. कोचावर तेच औषध. बाईंनी मात्र मिठाची गुळणी धरायची. स्वतःचं काही सांगायचं नाही, प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, फार तर "हं" म्हणायचं. रुग्ण मग त्यांना आई समजे, बाप समजे, सोडून गेलेली बायको समजे, आणि जुनं भांडण त्यांच्याशी नव्याने भांडे. त्यातून गाठ सुटते. पन्नास मिनिटं झाली की संपलं, मग माणूस रडत का असेना.

सव्वीस वर्षं बाईंनी हे चोख केलं. इतकं चोख, की घरीही सुटलं नाही. नवरा नकाशे काढायचा, बोलका माणूस. "बायको म्हणून आणली, भिंत निघाली," असं पाहुण्यांसमोर म्हणायचा आणि त्यांच्या हुंकाराची हुबेहूब नक्कल करायचा: आधी छोटा श्वास, मग नाकातून "हं". पाहुणे हसायचे, बाई नाही. दोन वर्षांपूर्वी इस्पितळात, शेवटच्या दुपारी, त्याने त्यांचा हात धरून म्हटलं, "आता तरी काहीतरी बोल ना."

बाईंच्या तोंडून निघालं, "हं."

तो पुढे बोलला नाही. चारच्या सुमारास गेला. बाईंनी त्याबद्दल स्वतःला माफ केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही नाही. असं मागून ठेवून कुणी जातं का?

बुधवारी चार वाजता घड्याळजी यायचा. पन्नाशीचा, नेटका. त्याचे हात थरथरायचे. शरीरात दोष सापडत नव्हता, आणि थरथरत्या हातात कोण घड्याळ देणार? तो बापाबद्दल बोले, दुकानाबद्दल बोले. सहाव्या आठवड्यात मधेच म्हणाला, "पेन्सिल. दोन्हीकडून टोक काढलेली. कुणाची कोण जाणे."

नवरा पेन्सिलीला दोन्हीकडून टोक काढायचा. बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. पुष्कळ लोक काढत असतील.

पुढच्या बुधवारी तो म्हणाला, "मोज्याला अंगठ्याशी भोक पडलं की तो पाय बदलून घालायचा."

"कोण?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"माहीत नाही. आलं मनात."

मग बुधवारामागून बुधवार. खिडकीच्या कडीला बांधलेली सुतळी. चिकटवलेला कपाचा कान. सगळं बाईंच्याच घरातलं. अशा वेळी विश्लेषकाने वरिष्ठांकडे जाऊन सगळं सांगायचं असतं; आपल्याच जखमेत बसून दुसऱ्याची गाठ सुटत नाही. बाई गेल्या नाहीत. आणि त्याहून वाईट म्हणजे, घड्याळजीचे हात आता थरथरत नव्हते.

"मला वाटतं, यापुढे नाही आलो तरी चालेल," तो एकदा म्हणाला.

"अजून मुळाशी पोचलो नाही आपण," बाई म्हणाल्या.

कुंपणानेच शेत खाल्लं. बाईंना ते कळत होतं, लाजही वाटत होती. पण त्यांना एवढंच ऐकायचं होतं, की त्या हुंकारानंतर नवरा गप्प झाला, तो रागावून का?

मग तो बुधवार आला. घड्याळजी पडला आणि त्याने डोळे मिटले. उशीचा कागद त्याच्या श्वासाबरोबर किंचित कुरकुरत होता. डोळे मिटूनच तो म्हणाला,

"आता तरी काहीतरी बोल ना."

बाईंच्या हातातलं पेन पडलं.

"बोलते रे," त्या म्हणाल्या. "दिवसभर ऐकून शब्द उरत नाहीत असं सांगायचे ना तुला? खोटं होतं ते. मला ऐकणारीच राहायचं होतं. ऐकणाऱ्याला कुणी दोष देत नाही. तू हसायचास ना सगळ्यांसमोर, फार राग यायचा तुझा. आणि तरी त्या दुपारी मला खूप काही सांगायचं होतं. निघालं ते नुसतं 'हं'."

त्या रडल्या. किती वर्षांनी, त्यांनाही आठवेना.

"आता तू सांग. रागावलास का माझ्यावर?"

घड्याळजी उठून बसला, डोळे चोळत. "डुलकी लागली वाटतं. माफ करा." त्याने हात समोर धरले, बोटं स्थिर होती. "आता मात्र येत नाही, बाई."

घड्याळात चार बेचाळीस झाले होते. जाणाऱ्याच्या दाराशी तो थबकला.

"मनात येईल ते बोला म्हणालात, पण एक राहूनच गेलं. पहिल्या दिवसापासून विचारीन म्हणतोय."

"विचारा."

"माझ्यामागे तुम्ही बसता. मग तुमच्यामागे बसून हुंकार देतात, ते कोण?"

दार लागलं.

बाई वळल्या नाहीत. मागे भिंत होती, खुर्चीला टेकलेली.

"रागावलास का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मानेवर आधी छोटा श्वास आला.

मग, "हं."

त्यांनी पुन्हा विचारलं. विनवलं, शिव्या दिल्या, त्याला घरच्या नावाने हाक मारली. प्रत्येक वेळी तेवढंच, त्याच अंतरावरून.

बरोबर चार पन्नासला तेही थांबलं. बाई अजून रडत होत्या.