तिच्या मापाचे टायर

टायर फुटला तो नेमका टायरच्या दुकानासमोर. त्यामुळे हळहळायचं सोडून रस्त्यावरचे लोक हसले.

गाडी ड्रायव्हिंग क्लासची होती. स्टिअरिंगवर होत्या एक निवृत्त परिचारिका. क्लासात त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. शेजारी ती होती: क्लासची मालकीण, एकमेव शिक्षिका आणि रोज सकाळी गाडी धुणारीही तीच. सिस्टरना फुटपाथला लागून गाडी उभी करायची होती. त्यांनी ती इतकी लागून उभी केली, की डावीकडचा पुढचा टायर दगडी कडेला घासत, कण्हत गेला आणि अखेर त्याने मान टाकली.

दुकानातून एक जण फडक्याला हात पुसत बाहेर आला. त्याने टायरकडे पाहिलं, मग सिस्टरकडे, मग तिच्याकडे.

"दुकान शोधायचे कष्ट वाचवलेत," तो म्हणाला.

"पाहिलंत, सिस्टर?" ती शांतपणे म्हणाली. "गाडी कुठे थांबवायची ते तुम्हाला बरोबर कळलं. कशी थांबवायची, ते उद्या बघू."

तो हसला. हसताना आधी त्याचे डोळे हसायचे, ओठ मागाहून यायचे. हे तिच्या लक्षात आलं आणि लक्षात आलं याचा तिला थोडा रागही आला.

त्याने स्टेपनी बसवली, उठला आणि न सांगता उरलेल्या तीन चाकांवरून अंगठा फिरवू लागला. त्याने तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली की तिन्ही संपलेत हे तिला माहीत आहे, महिन्याभरात गाडीचं पासिंग आहे तेही माहीत आहे. दर तेवढा सांगा. त्याने सांगितला. दुसऱ्या एका दुकानाने मागच्या महिन्यात तिला याहून बराच कमी सांगितला होता.

"मागच्या महिन्यात मीही जरा तरुण होतो," तो म्हणाला. मग गंभीर होऊन त्याने सांगितलं, की रबर महागलंय, तेल महागलंय, जहाजाचं भाडं महागलंय, आणि एक तारखेपासून आणखी चढणार आहे. घ्यायचे तर आत्ताच घ्या, असं मात्र तो म्हणाला नाही. इतर सगळे म्हणाले होते.

तिने सवलत मागितली नाही. क्लासच्या फीमध्ये ती स्वतः कुणाला सवलत देत नसे. शेजारणीला नाही, आतेबहिणीलाही नाही. आपण जे देत नाही ते मागायला तिची जीभ रेटेना. तोही त्याच वाणाचा निघाला. बाजारात त्याला 'एकदर' म्हणत. सख्ख्या मामालाही त्याने टायर ठरल्या दरानेच दिले होते. तेव्हापासून मामा घरी जेवायला येत, टायर मात्र दुसरीकडून घेत.

ती गाडी म्हणजे तिचा क्लास होता. दुसऱ्यांच्या क्लासात शिकवून जमवलेल्या पैशातून तिने ती घेतली होती, आणि दोन्ही दारांवर तिचं नाव रंगवलं होतं. नवरा 'तुला नाही जमायचं' म्हणाला म्हणून थांबलेल्या, मुलगा 'आता या वयात?' म्हणाला म्हणून खट्टू झालेल्या कितीतरी बायका त्या दारातून आत बसल्या होत्या आणि परवाना घेऊन उतरल्या होत्या. पण पासिंग झालं नाही तर त्या गाडीत शिकवता येणार नव्हतं, आणि चार नवे टायर तिच्या ऐपतीत मावत नव्हते.

तिच्या दादाकडे उपाय तयार होता. चौकातल्या मोठ्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक त्याचा मित्र. गाडी त्यांची, टायर त्यांचे. तिने फक्त शिकवायचं आणि पगार घ्यायचा. कर्ज काढते म्हणाली तर आई रात्रभर झोपायची नाही. दादा वाईट नव्हता. वाईट असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. शेवटी तिनेच शब्द दिला: पासिंगपर्यंत टायर जमले नाहीत, तर दारावरचं नाव पुसायचं आणि तिकडे रुजू व्हायचं.

मग तिने बाजार पालथा घातला. एका जुन्या मालाच्या गोदामात तिला चार टायर दाखवण्यात आले, काळेभोर, चकचकीत, आणि दर ऐकून कानांवर विश्वास बसू नये असा. तिने पैसे काढायच्या आधी टायर उजेडात नेला. खाचा नको तितक्या खोल होत्या, तापलेल्या पात्याने नव्या कोरल्यासारख्या. आणि कडेला जिथे टायर बनल्याची तारीख असते, तिथे खरवडलं होतं. ती पैसे परत पर्समध्ये ठेवून बाहेर पडली.

तिथून ती सरळ त्याच्याकडे का गेली, याचं कारण तिने स्वतःला असं दिलं होतं की दुकान वाटेत पडतं. ते वाटेत पडत नव्हतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. तारीख खरवडलेली कळली कशी, असं विचारलं.

"वयात लपवण्यासारखं काही असल्याशिवाय कोण लपवतं?"

"मी पस्तिशीचा आहे," तो पटकन म्हणाला. मग आपण हे का सांगितलं ते न कळून तो उगाचच हवेचा पाइप गुंडाळू लागला.

गुंडाळता गुंडाळता त्याने एक मार्ग सांगितला. काही लोक नवी कोरी गाडी घेतात आणि शो-रूममधून निघाल्या निघाल्या रुंद चाकं बसवून घेतात, दिसायला रुबाबदार म्हणून. त्यांचे मूळचे टायर तसेच पडून राहतात. जेमतेम चार गल्ल्या पळालेले आणि निम्म्या दराचे. तुमच्या मापाचे क्वचित येतात, म्हणून त्या दिवशी बोललो नव्हतो. आले तर फोन करीन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. टायर आले नाहीत, असं सांगायला. तिसऱ्या दिवशीही तेच.

"न आल्याचा फोन कशाला करता?" तिने विचारलं.

"आले की करायचाच आहे… तोवर सराव."

ती हसली नाही. निदान फोनवर नाही. पण संध्याकाळी फोन हाताशी असेल अशी ती बसू लागली. बोलणं टायरवरून सुरू व्हायचं आणि कुठेही जायचं. सिस्टर अजून उजवा इंडिकेटर देऊन डावीकडे वळतात; आईला वाटतं तो कंपनीचा माणूस आहे आणि काहीतरी विकतोय; तो चहात साखर घालायची विसरतो आणि तसाच पितो… अशा निरोपांना काही अर्थ नव्हता. म्हणूनच ते संपत नव्हते.

पासिंगला थोडेच दिवस उरले, तेव्हा एका दुपारी फोन आला. वेळ वेगळी होती, म्हणून तिने तो पहिल्याच रिंगला उचलला. तिच्या मापाचे चार टायर आले होते, त्याने सांगितलं. आणि गेलेही. एका टॅक्सीवाल्याने तिच्या आधी सांगून ठेवलं होतं.

ती म्हणाली, "त्याला कळवलंच नसतं तर?"

"तर टायर तुम्हाला मिळाले असते." तोच पुढे म्हणाला, "आणि हे कधीतरी तुम्हाला कळलं असतं. त्यानंतर तुम्ही माझ्या दुकानाची पायरी चढला असतात का?"

ती चढली नसती. फोन ठेवून ती गाडीच्या बॉनेटला टेकून उभी राहिली. वाईट वाटत होतं, डोळे भरून येत होते, आणि त्याच वेळी मान कशी कोण जाणे ताठ होत होती. जणू त्याने कुणा परक्याला दिलेला न्याय तिच्याच घरी आला होता. तिला वाटलं, या माणसाबद्दल आपल्याला अभिमान वाटतोय. मग वाटलं, अभिमान आपल्या माणसाचा वाटतो… आणि ती घाईघाईने गाडीत बसली.

आता वाट बघण्यात अर्थ नव्हता. त्या रात्री तिने शिकून गेलेल्या सगळ्या बायकांना निरोप पाठवला. मदत मागितली नाही, सवलत मागितली नाही. एकच प्रश्न विचारला: तुमच्यापैकी कुणाच्या घरी नवी गाडी येतेय का, आणि कुणाला रुंद चाकांची हौस आहे का?

सकाळपर्यंत फोन वाजत राहिला. एकीच्या दिराची गाडी पुढच्या वर्षी येणार होती, एकीला नुसतंच बोलायचं होतं. आणि दातांची एक डॉक्टर, जी पहिल्या दिवशी क्लच सोडताना रडली होती, ती म्हणाली की गाडी कालच आली, क्लासच्या गाडीसारखीच. चाकांची हौस नवऱ्याला आहे, टायर जिन्याखाली पडलेत, मॅडम, फुकट घेऊन जा.

फुकट नको म्हणून तिने एकदरला फोन केला आणि अशा चार टायरचा रास्त दर काय, असं विचारलं. त्याने तो खरा सांगितला, जरी त्यात त्याचं गिऱ्हाईक जात होतं. तिने तेवढे पैसे डॉक्टरच्या हातावर ठेवले आणि टायर डिक्कीत व मागच्या सीटवर कोंबून त्याच्या दारात गाडी उभी केली.

त्याने एकेक टायर फिरवून पाहिला, तारखा वाचल्या.

"माझ्याच धंद्यात मला हरवलंत," तो म्हणाला. पण हरलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. पोरीने बक्षीस मिळवल्यावर बाप शेजाऱ्याला सांगतो, तसा तो बाजूच्या दुकानदाराला सांगत होता: मॅडमनी स्वतः शोधले.

टायर बसवून झाल्यावर एक फेरी मारायची त्याची पद्धत होती. गाडी मात्र गिऱ्हाइकाने चालवायची, तो शेजारी बसणार. बसला, आणि त्याने डोळे मिटले. चाकांचा आवाज ऐकत म्हणाला की छान, एकसारखा येतोय. तेवढ्यात एक सायकलवाला आडवा आला आणि तिने करकचून ब्रेक लावला. त्याचे पाय जागचे हलले नाहीत.

ती चमकली. गाडी चालवणारा माणूस चालत्या गाडीत डोळे मिटत नाही. आणि त्याला शेजारी बसवलं, तर अशा वेळी त्याचा पाय आपोआप ब्रेककडे जातोच. तिने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. म्हणजे गावभर चाकं फिरवणाऱ्या या माणसाला गाडी येत नव्हती.

दुकानाशी परतल्यावर अलाइनमेंटच्या रॅम्पवर गाडी तिनेच चढवली, त्याने सांगायच्या आधी, जणू जगात सगळीकडे अशीच रीत असते. तिला कळलंय, हे त्याला कळलं. फडक्याने त्याने तोंड पुसलं आणि गालभर काळं केलं.

पासिंग झालं. दादा गाडीभोवती एक चक्कर मारून आला, दारावरचं नाव पहिल्यांदाच पाहिल्यासारखं वाचलं आणि म्हणाला, अक्षरं जरा मोठी हवी होती.

पुढच्याच आठवड्यात सकाळच्या तुकडीत, चार बायकांच्या मागे, तो उभा होता. धुतलेला शर्ट, नखांत मात्र काळं तसंच. त्याने फी विचारली. तिने सांगितली.

"काही कमी?"

"बाजारात स्वतःचं नाव घालवाल."

त्याने पूर्ण फी भरली. मग हळू आवाजात सांगितलं, की विशीत त्याने गिऱ्हाइकाची गाडी मागे घेताना वडिलांनी नुकत्याच रंगवलेल्या शटरमध्ये घातली होती. वडील इतके हसले, की तो पुन्हा स्टिअरिंगवर बसलाच नाही. पुढे सगळे धरूनच चालले की टायरवाल्याला गाडी येत असणार. नाही म्हणायला फार उशीर झाला होता. सिस्टर मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, उशीर कसला, मी साठीत आलेय.

शिकताना तो चांगला होता, फक्त बोलायचा. गाडी चालत असताना गप्पा नाहीत, असं तिने बजावलं. मग तो सिग्नलला बोलायचा आणि सिग्नल हिरवा झाला की खट्टू व्हायचा.

चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायचा धडा तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्या दिवशी रिमझिम होती, चढ ओला होता, काचेवर वायपर संथ हलत होते. तिच्या पायाशी शिक्षकाचा वेगळा ब्रेक होता. इतक्या वर्षांत कुणाच्याही धड्यात तिचा पाय त्यावरून हलला नव्हता. तिच्या उजव्या चपलेचा तळ डावीच्या आधी झिजायचा.

"क्लच अर्धा," ती म्हणाली. "आता हँडब्रेक सोडा. सावकाश… मागे बघू नका."

गाडी चढावर उभी राहिली. बोटभरही मागे गेली नाही. इंजिन दबक्या आवाजात थरथरत होतं.

"आता बोललं तर चालेल?" त्याने समोर बघत विचारलं.

"क्लच न हलवता बोलता येत असेल तर."

"क्लास तुमचा राहील. दारावरचं नाव तसंच राहील, हवं तर अक्षरं मोठी करा. दुकान माझं. तुमच्या गाडीला मी फुकटचा टायर कधीच देणार नाही…" त्याचा श्वास अडकला, पाय नाही. "फक्त संध्याकाळी, तुमचं आणि माझं काम संपलं, की दोघांनी एकाच घरी जायचं. जमेल का… मॅडम?"

मागे एका ट्रकने हॉर्न दिला. कुणी तिला फुकट काही देऊ केलं असतं, तर ती तिथल्या तिथे दार उघडून उतरली असती. हा माणूस काहीच देत नव्हता, आणि तिचं काहीच घेत नव्हता. फक्त घरी यायला सांगत होता.

तिने उजवा पाय ब्रेकवरून उचलला. मग डावा. दोन्ही पाय वर सीटवर घेतले आणि घरच्या बाजेवर बसावं तशी गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसली.

त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते पाहिलं. त्याचा आवाज बारीक झाला.

"तुमच्या ब्रेकवर पाय… नाहीये?"

"नाही," ती म्हणाली. "चला. घ्या वर."

गाडी ओल्या चढावरून, एकदाही न अडखळता, वर गेली.