तुझं दार उघडं

निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती. कळंबच्या चर्चमध्ये गाणं शिकवायला प्रेमाबाई नगरहून आल्या, त्या छत्री, बाजाची पेटी आणि शुद्ध मराठी घेऊन. पैकी छत्री फारशी उघडावीच लागली नाही, पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला तो ठिगळावर चालला. शुद्ध मराठी मात्र बाईंनी जिवापाड जपली. विमल पुढं आजी झाल्यावरही ही आठवण इथूनच, हसत सुरू करायची.

"'प्रभू, तुझे दार उघडे.' तुझे! तुझं नव्हे," बाई पोरींना बजावायच्या. "ईस्टरला ज्या तोंडातून तुझं निघेल, ते तोंड मंडळाबाहेर."

विमल त्याच पोरींतली. तिची जीभ तुझंवरच घसरायची. आणि 'माझी लेक ईस्टरला गाणार' हे तिची आई, कस्तुराबाई, आठवडी बाजारात शेंगांच्या मापाबरोबर वाटून बसलेली. शेवटी विमलनं युक्ती काढली. ओठ तेवढे हलवायचे, आवाज काढायचाच नाही.

तालमीत रांगेच्या टोकाकडून, विमलच्या बाजूनं, स्वच्छ 'तुझं' आलं.

"विमल."

"बाई, म्या न्हाय. म्या तर गातच न्हाय."

"मग उभी कशाला आहेस, वारा घालायला?"

पोरी खिदळल्या. बाईंनी विमलला पेटीजवळ घेतलं, तिच्या तोंडावर तळवा ठेवला आणि बाकीच्यांना गायला सांगितलं.

टोकाकडून आलंच. तुझं दार उघडं.

टोकाला आता नुसती चुन्याची भिंत होती.

बाईंनी सगळ्यांना गप्प केलं. एकटी पेटी वाजवली.

आधी श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मग ओळ.

बाईंनी भाता मिटला. बाहेर उन्हात कुणाचं तरी शेरडू ओरडत होतं.

"तू नव्हतीस," त्या म्हणाल्या. "ईस्टरला तू गायचंस."

"पण बाई, माझं बी तुझंच येतंय."

"येऊ दे. सगळ्याच तुझं म्हणा. म्हणजे वेगळं कुणी ऐकू यायला नको."

विमलला इतकं हलकं वाटलं, की भिंतीची भीती घरी पोचेपर्यंत आठवलीच नाही.

ईस्टरला पुढच्या बाकावर कस्तुराबाई बसली होती, बाजारातल्या शेजारणींना पुराव्याला घेऊन. विमल गळा मोकळा सोडून गायली. सगळ्याच गायल्या. तुझं दार उघडं.

तिच्या आणि भिंतीच्या मधून, अगदी जपून, शिकवल्याबरहुकूम कुणीतरी म्हटलं, "तुझे."

पेटीवरची मान वर न करता प्रेमाबाई सवयीनं पुटपुटल्या, "शाबास."