सरांचा होकार

भांड्याच्या काठावर चार मिलिमीटर जाडीचं हिम साचलं होतं. दर सोमवारी त्यावर कुंकू वाहिलं जाई. ते हिमात मुरून कडेला गुलाबी आणि मधोमध काळपट झालं होतं, चिघळलेल्या जखमेसारखं. झेंडूची एक पाकळी आतल्या द्रव नत्रात पडून काचेसारखी तडकली होती. कुंदा उगलेने ते पाहिलं आणि नजर वळवली. अकरा वर्षं ती हेच करत आली होती.

भांड्यात, उणे एकशे शहाण्णव अंश तापमानाला, डॉ. टिल्लू होते. निदान संस्थेचं तसं म्हणणं होतं.

अतिवाहक म्हणजे असा पदार्थ, जो पुरेसा थंड झाला की विजेला अजिबात विरोध करत नाही. त्याच्या वलयात एकदा प्रवाह सुरू झाला की तो बॅटरीशिवाय वर्षानुवर्षं फिरत राहतो. थंड होताना त्या वलयातून जे चुंबकक्षेत्र जात असेल, ते तिथेच अडकून पडतं. नंतर चुंबक दूर नेला तरी वलय ते सोडत नाही; तापवलं तरच ते विरून जातं. मेंदूतल्या विजेमुळे माणसाच्या डोक्याभोवतीही असं क्षेत्र असतं, फार क्षीण. टिल्लू सरांनी दहा हजार सूक्ष्म वलयं एका टोपात विणली आणि शेवटच्या आजारात तो टोप स्वतःच्या डोक्यावर चढवून घेतला. टोपाच्या दुहेरी भिंतीत नत्र सोडणारे हात कुंदाचे होते. ती त्यांची शेवटची विद्यार्थिनी. सर गेल्यावर तो टोप तसाच थंड या भांड्यात ठेवला गेला.

त्यानंतर संस्थेच्या प्रत्येक ठरावावर सरांचं मत घेतलं जाऊ लागलं. ‘वाचक’ नावाचं यंत्र प्रश्नाचे चुंबकीय ठोके टोपाकडे धाडी. अडकलेलं क्षेत्र डळमळलं तर लाल दिवा, स्थिर राहिलं तर हिरवा. न हलणं म्हणजे होकार. अकरा वर्षांत लाल दिवा एकदाही लागला नव्हता.

आजचा ठराव स्मृतिभ्रंशाच्या बेचाळीस रुग्णांचा होता. प्रत्येकाचा टोप तयार झाला की कागदोपत्री तो रुग्ण ‘जतन’ ठरणार होता, आणि जतन झालेल्याचे उपचार त्याच दिवशी थांबणार होते. अन्नाची नळीसुद्धा. आधार एकच, सरांचा टोप.

बैठकीला अर्धा तास होता. टिल्लूकाकू भांड्यापाशी फुलं मांडत होत्या.

“काकू, सर घरी कधी ‘हो’ म्हणायचे का?”

“तुझे सर?” काकू हसल्या. “आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी म्हणायचे, परत मोज.”

प्रयोगशाळेतही तेच. कुंदाच्या प्रबंधातला एकेक आकडा त्यांनी सात-सात वेळा मोजायला लावला होता. परत मोज, उगले.

“टोपात सर नाहीत, काकू.”

काकूंनी फूल खाली ठेवलं. “मग कोण आहे?”

“मेंदूचं क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाहून कोट्यवधी पट क्षीण असतं. म्हणून टोप चढवायच्या खोलीत पृथ्वीचं क्षेत्र अडवलेलं होतं, आणि तिथे लोखंड न्यायचं नाही, मनगटावरचं घड्याळसुद्धा नाही. तो नियम मीच लिहून दारावर लावला होता. त्या दिवशी सरांचा श्वास अडकायला लागला, मी धावत आले. अंबाड्यात पोलादी पीन तशीच राहिली. नत्र सोडताना मी टोपावर वाकले होते.”

“आणि वलयांनी पीन धरली.”

“पिनेचं क्षेत्र धरलं. पडद्यावरची मोजपट्टी यंत्र आपोआप जुळवून घेतं, त्यामुळे चित्र ठीक दिसलं. आठवड्याने मी मूळ आकडे काढले. दोन ध्रुव, पाच सेंटिमीटर अंतरावर. माझ्या पिनेएवढं. ते इतकं जोरदार आहे की वाचकाच्या ठोक्यांनी हलतच नाही. म्हणून प्रत्येक वेळी हिरवा.”

“तू बोलली नाहीस.”

“तोवर सत्कार झाला होता. मग मला विभागप्रमुख केलं. मी केस कापून टाकले, एवढंच केलं.”

काकूंनी कुंकवाचं बोट पदराला पुसलं. “म्हणजे अकरा वर्षं मी तुझ्या पिनेची पूजा करतेय.”

“हो.”

“मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मी विचारलं, मी कधी आवडले का हो तुम्हाला? लगेच हिरवा. इतक्या पटकन हो म्हणणारा माणूस नव्हता तो.”

“तरी येत राहिलात?”

“हो म्हणतं ना ते.” काकूंनी ते साधेपणाने सांगितलं. “त्या बेचाळीस घरांतसुद्धा सांगून बघ. जिवंत माणूस अंथरूण घाण करतं, ओळखत नाही, वसकन अंगावर येतं. टोप गप्प असतो आणि हो म्हणतो. त्यांना पीन चालेल, बाई.”

हे खोटं आपलं एकटीचं आहे, असं कुंदाला इतकी वर्षं वाटत होतं. ते सगळ्यांनी मिळून जपलेलं होतं, आणि आता ते बेचाळीस माणसांच्या तोंडचं अन्न काढून घेणार होतं.

अकरा वाजता बैठक सुरू झाली. संचालक निंबाळकरांनी ठराव वाचला आणि वाचकाचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी भांड्याच्या दिशेने किंचित मान झुकवली. एका सदस्याने चहात बुडवलेलं बिस्किट तेवढ्यात पडू नये म्हणून तोंडात सारलं आणि मग मान झुकवली. त्याच्या हनुवटीवर ओला लगदा राहिला होता. कुंदाला त्या हनुवटीची किळस आली, मग टेबलावर शांतपणे ठेवलेल्या स्वतःच्या हातांची आली.

“सरांची संमती आहे,” निंबाळकर म्हणाले. “इतरांचं मौन मी संमतीच धरतो.”

पर्समध्ये पीन होती, कागदात गुंडाळलेली. कुंदाने ती बाहेर काढून टेबलावर ठेवली. तिचा बारीक आवाज झाला.

“उगले मॅडम, तुम्हाला काही म्हणायचंय?”

काकू भिंतीलगतच्या खुर्चीतून तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

“हो,” कुंदा म्हणाली. “माझी हरकत आहे. टोप तापवा. त्यात सर नाहीत, ही पीन आहे.”