दगडाची चप्पल

"मामांनी सिमेंट थापलं? शक्यच नाही!" ताई कडाडली.

सुट्टीचा दुसराच दिवस, आणि घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. मामा वीस वर्षं तळ्याचे राखणदार. तपासणीच्या साहेबांनी मामा कामाला लागले तेव्हाचा नकाशा काढला, तर धबधब्याचा काठ वीतभर उंच झालेला आणि पायवाट पाण्याखाली! सिमेंट थापून काठ का वाढवला, दुपारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर नोकरी सोडा, असं बजावून ते बाहेर बसले होते. खुलासा काय देणार? मामाच गोंधळलेले!

ताई, तिचा भाऊ ढब्बू आणि धाकटी चिंगी धबधब्याकडे धावली.

काठ पांढरट होता खरा, पण त्यात शेवाळ गच्च अडकलेलं. "सिमेंटमध्ये शेवाळ कोण कालवतं?" ताईला काही उमगेना. चिंगीने काटकी उचलली, तर तीही दगडाची!

ढब्बूने कपारीतून काहीतरी ओढलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. चप्पल! वर दगडाचा पापुद्रा, आत निळा पट्टा.

"माझी! गेल्या सुट्टीत हरवलेली!" ताई ओरडली. "पण दगडाची कशी झाली?"

"मामीच्या किटलीत पण असंच पांढरं बसतं," चिंगी म्हणाली. "मामी म्हणते, पाण्यातला चुना."

तिघं धापा टाकत साहेबांपुढे उभी राहिली. "काठ सिमेंटने नाही, पाण्यातल्या चुन्याने वाढलाय!" ताईने चप्पल पुढे केली.

"कशावरून?" साहेब म्हणाले. "कालच सिमेंटात बुडवली असेल!"

ढब्बू पुढे सरकला. वर्षभर तो "मी नाही, मी नाही" म्हणत आला होता. त्याने मामांकडे पाहिलं.

"मीच फेकल्या होत्या, गेल्या सुट्टीत. ताईचा राग आला म्हणून. एक धबधब्यात, दुसरी तळ्याच्या संथ पाण्यात."

तळ्यात शोधल्यावर दुसरी चप्पल सापडली. नुसता चिखल! दगडाचा कणही नाही.

साहेब स्वतः धबधब्याशी गेले, शेवाळ चाचपलं आणि ओशाळले. "पाण्यातल्या वायूमुळे चुना विरघळून राहतो. पाणी आपटलं की वायू निसटतो, हलवलेल्या सोड्यातून निसटतो तसा. मग चुना शेवाळावर बसतो आणि काठ वाढत जातो. हे मी शिकलोय हो! पण नकाशातून डोकंच वर काढलं नाही. मामा, माफ करा. पोरांनो, शाब्बास!"

मामांनी ढब्बूला घट्ट जवळ घेतलं. "खरं बोललास रे, म्हणून वाचलो."

ताई मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मार हवा तर," ढब्बू पुटपुटला.

ताईने दगडाची चप्पल उगारली. मग तिलाच हसू फुटलं.

"जा, सोडलं! हिने मारलं तर टाके पडतील."